कुठल्याही पाण्यात

स्टोव्हमध्ये घासलेट ओतताना वास आला, की आजही माझं डोकं फिरतं. सोलापूरच्या आमच्या हायस्कुलात शास्त्राच्या मास्तरांनी घासलेटाच्या बाटलीतून सोडियमचा तुकडा काढला होता. चाकूनं लोण्यासारखा कापला, तर आत चांदीसारखा लखलखीत.

"सोड्यापासून काढला, म्हणून सोडियम. कुठल्याही पाण्यात टाका, पेटणारच!"

कापडगिरणीत सूत धुताना त्याच कॉस्टिक सोड्यानं माझ्या आईचे हात सोलून निघत.

प्रयोगासाठी टेबलावर ठेवलेली परात कोरडी होती. वर्गात माझा तांब्या वेगळा असे. त्यातलं पाणी मी हौसेनं परातीत ओतलं.

"अरे, परात बाटवलीस की!" मास्तर ओरडले.

त्यांनी पाणी खिडकीबाहेर फेकलं. परात राखेनं घासून घेतली, दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणी भरलं. तुकडा फसफसत पळाला, पेटला. वर्गानं टाळ्या पिटल्या.

'कुठल्याही पाण्यात' म्हणाला होतात ना, मास्तर?