पडद्यावरची उपाशी पाहुणी

सावर्ड्याच्या बाजारात इद्रीसभाईंचा फोटो स्टुडिओ होता. आखातात जाणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या स्टुलावर बसायचा. "दोन्ही कान दिसूदेत. हसू नको, विमानात बसलास की हस," हे त्यांचं ठरलेलं.

माणसांच्या तोंडांना ते कंटाळले असावेत. फावल्या वेळात ते दिव्यावर येणाऱ्या पाकोळ्यांचे, म्हणजे पुस्तकातल्या पतंगांचे, फोटो काढायचे. कॅमेऱ्याची लेन्स काढून उलटी धरायची आणि पाकोळीच्या अंगाला भिडेपर्यंत पुढे सरकायचं. मग मुंगीएवढं डोकं बोराएवढं दिसे. कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या हाताखाली असायचो. काही पतंगांचे कान छातीच्या बाजूला असतात, असं मी माझ्या कॉलेजच्या पुस्तकातून वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "पासपोर्टात नापास."

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात एका सकाळी स्टुडिओच्या पांढऱ्या पडद्यावर वीतभर रुंद पाकोळी बसलेली. रंग विटकरी, पंखांत काचेसारख्या खिडक्या आणि पंखांची टोकं हुबेहूब सापाची डोकी. फोटोला आलेला अयूब दारातूनच म्हणाला, "आधी त्यांचं होऊदे, भाई."

ती उडू नये म्हणून भाईंनी खिडकी लावून घेतली, आणि तिथेच बिघडलं. त्यांच्या बायकोला, खतिजाभाभींना, दारी आलेलं कुणी उपाशी राहिलेलं चालत नसे. त्यांनी बशीत साखरपाणी ठेवलं. पाकोळी ढिम्म. दुसऱ्या दिवशी मध, तिसऱ्या दिवशी कुस्करलेलं केळं.

"तुम्ही कोंडलंत म्हणून खात नाही ती."

"पडद्यावर बसलीय, तुरुंगात नाही."

"खिडकी कोणी लावली?"

तिसऱ्या दिवशी पडदा हलवला तरी ती जागची हलेना. मेली तर आपल्या हौसेपायी, हे काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

शेवटी "तोंडाला काय झालंय बघू" म्हणत त्यांनी मला आरशाने ऊन पाडायला सांगितलं आणि श्वास रोखून दोन फोटो घेतले. डार्करूमच्या लाल उजेडात कागदावर तिचा चेहरा उमटला. डोळे, केस, आणि खाली काहीच नाही. इतरांना गुंडाळलेली सोंड असते, हिला तीही नाही.

"माझ्याकडून धुताना गेलं काय रे?" भाई म्हणाले. दुसराही फोटो तसाच निघाला.

पुस्तकात ते एका ओळीत होतं. परीक्षेला येत नाही म्हणून मी सोडलेली ती ओळ आता दोघांना वाचून दाखवली. सुरवंट असताना ही पोटभर खाऊन घेते. पंख फुटल्यावर काही न खाता आठवडाभर जगते.

भाभींनी फोटो उन्हात नेऊन पाहिला आणि बशी उचलली. "जेवायला आलीच नव्हती तर. मग कुणाची तरी वाट बघत असेल. खिडकी उघडा."

"गेली म्हणजे? पंखांचे काढायचे राहिलेत."

"तिच्याकडे उणेपुरे चार दिवस. तुम्हाला काय घाई?"

संध्याकाळी भाईंनी खिडकी सताड उघडली. सकाळी पडद्यावर दोघं होती. नर जरा लहान, मिशा पिसांसारख्या रुंद. मादीचा वास त्याला कोसभरावरून लागतो म्हणतात.

भाईंनी कॅमेरा उचलला, लेन्स उलटी धरली आणि पुन्हा खाली ठेवली. तेवढ्यात अयूब परत आला. त्याला त्यांनी दारातच अडवलं.

"उद्या ये. पडदा रिकामा नाही."