शीलाने नवऱ्याला सांगितलं तेव्हा

पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि शीलाला नवऱ्याजवळ जायची भीती वाटायला लागली. आधी अंगाची नुसती लाही व्हायची, मग जवळीक दुखायला लागली, आणि बघता बघता इच्छाच उरली नाही. पन्नाशीतल्या बाईने हे बोलायचं कुणाजवळ? तिने उपास वाढवले, कंबरदुखी पुढे केली आणि शेवटी "आत्याबाईंना रात्री उठायला लागतं" म्हणून सासूच्या खोलीत अंथरूण नेलं.

तिचा नवरा नवनीत दुपारची भाकर शेतातच मागवू लागला. शहाद्याच्या बाजारातून आला की पिशवी ओट्यावर ठेवून परस्पर केळीच्या बागेत निघून जायचा. पूर्वी तो बाजारातल्या गमती सांगत तिच्याजवळ बसायचा. एकदा चपला घालताना त्याने खाली बघतच विचारलं, "मन्हं काही चुकनं का?"

तो गेल्यावर ती चुलीपाशी बसून रडली. थोरली जाऊ गजराबाई ताक द्यायला आली होती, तिने पाहिलं. आधी शीलाने टाळलं, मग सगळं सांगून टाकलं.

"माले बी असंच व्हयेल व्हतं," गजराबाई म्हणाली. "तू मन्हासारखी गप नको बैस."

दोघी एसटीने शहाद्याला बाईडॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरबाईंनी तपासलं, मध्येच रक्त जातं का, असं विचारलं, आणि सरळ सांगितलं, "पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ, कोरडी होते, म्हणून दुखतं. इच्छाही कमी होऊ शकते. यात दोष कुणाचाच नाही." त्यांनी आत लावायचं मलम दिलं, ते कसं लावायचं तेही समजावलं. "दुखत असताना सोसायचं नाही. आणि घरी मालकांना सांगा, त्यांना कळू द्या."

मलम लावणं सोपं होतं, सांगणं अवघड. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच भाकर घेऊन बागेत गेली आणि त्याच्याकडे न बघता बोलत राहिली. नवनीतच्या हातातला घास तसाच राहिला.

"आधी काबर नही सांगं?"

"माले लाज वाटनी."

"अन् माले वाटनं, मी आते तुले नको शे." त्याचे डोळे भरून आले. मग म्हणाला, "तू नही म्हन, मी रागावाव नही. पन दूर नको झोपू."

तिने अंथरूण परत आणलं. कितीतरी दिवस ते नुसते बोलत पडायचे. तो तिच्या तळपायांना तेल चोळायचा. हळूहळू दुखणं कमी झालं. इच्छा विशीतल्यासारखी आली नाही. कधी येते, कधी येत नाही. नसली की ती तसं सांगते, आणि तो ऐकतो. बाजारातल्या गमतीही पुन्हा ऐकायला मिळायला लागल्या.

दिवाळीला शीला गजराबाईच्या पाया पडली. "जिजी, तुम्ही नसत्या तर..."

गजराबाईने तिला उठवून जवळ घेतलं. गजराबाईचे मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. "मी त्यासले कधी सांगंच नही," ती म्हणाली. "त्यास्ना जीव व्हता मन्हावर. सांगं असतं तर ऐकं असतं त्यासनी." आणि शीलाच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.