उलटी झाली तर सोलापूरला न्या

नाकातून पोटात घालायची नळी अन्ननलिकेच्या टोकाशी अडली होती, पुढे सरकायला तयार नव्हती. समोर तेरा वर्षांची रुखसाना. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. उमासे येत होते, पण बाहेर थेंबही पडत नव्हता. सिस्टर म्हणाली, "सर, पल्स नीट लागत नाहीये." मी सोलापुरात लहान मुलांची ऑपरेशनं करतो. अशा वेळी माझी फार चिडचिड होते, हात मात्र चालू राहतात.

पोटावर जुना व्रण दिसला. वडील टेंभुर्णीला टेम्पो चालवतात, त्यांना विचारलं. ती तान्ही असताना प्यालेलं दूध सारखं वर यायचं, छाती भरायची, म्हणून पुण्यात ऑपरेशन झालं होतं. त्याला आम्ही फंडोप्लिकेशन म्हणतो. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवायचा. अ‍ॅसिड वर येणं थांबतं. बऱ्याच मुलांचं पुढे छान चालतं. पण गुंडाळी घट्ट राहिली तर उलटीही वर येत नाही आणि ढेकरही नाही. रुखसाना कधी ढेकर देत नाही, पोरीला वळण आहे, असं घरात कौतुक होतं.

त्याच ऑपरेशननंतर आतडी आतल्या आत चिकटली होती. त्यात आता पीळ पडून रस्ता बंद झाला होता. खालून बंद, वरूनही बंद.

"दोन दिवस काय करत होतात?" मी जरा जोरातच विचारलं.

तिची आई म्हणाली, "गावातल्या डाक्टरनं सांगितलं व्हतं, उलटी झाली तर सोलापूरला न्या. आमी बादली घिऊन बसलो की तिच्यापाशी. उलटी झालीच न्हाय. म्हणलं, बरं हाय."

दुसऱ्या कुठल्याही पोरीला तो सल्ला लागू पडला असता.

पोट उघडलं. कोंडलेल्या दाबानं जठर काळं पडून फाटलं होतं. जमलं तेवढं काढलं, धुतलं, शिवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. वडिलांनी एकच विचारलं, "म्हंजे तवाचं ऑपरेशन फेल गेलं व्हय?"

मी म्हणालो, "नाही." ते ऑपरेशन उत्तम टिकलं होतं. यापेक्षा वाईट उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही.

आता असं ऑपरेशन झालेल्या मुलाला घरी सोडताना मी आईला बजावतो: याला उलटी होणार नाही, पोट फुगून दुखलं तर वाट बघू नका, थेट या आणि ऑपरेशनचं आधी सांगा. आया मान डोलावतात. पण 'उलटी होणार नाही' एवढं ऐकूनच त्यांचा चेहरा असा खुलतो, की पुढचं त्यांच्या कानात शिरत नाही.