गोरेगावच्या बाजारपेठेत ओटा शोधताना

त्या सकाळी मी बुद्धवंदना म्हटली, शिलाई मशीनला तेल घातलं आणि मशीन उचलली नाही. वसमतचा बाजाराचा दिवस होता. एरवी या वेळी मशीन डोक्यावर घेऊन मी दुसऱ्याच्या ओट्यावर जागा मागायला निघालेलो असतो. ज्याचा ओटा, त्याचा पाहुणा आला की मशीन उचलून पुढच्या ओट्यावर. अशी वीस वर्षं गेली.

"काहून? मान दुखून राहिली का?" धुरपतानं, माझ्या बायकोनं, विचारलं.

"घर पाहून येतो. बाजारात ओटा असलेलं."

"मंग दोन भाकरी जास्तीच्या बांधते. घर मिळो न मिळो, पोट तं संगंच हाय."

पहिला टप्पा कुरुंदा. वसमतहून जाणाऱ्याने शक्यतो एसटीत डाव्या खिडकीला बसावं. सकाळचं ऊन उजवीकडून येतं. या रस्त्यावर दुष्काळात आम्ही दोघांनी खडी फोडली होती. आता गाडी त्याच खडीवरून धडधडत गेली, आणि मला विशेष काही वाटलं नाही. खडी रस्त्यासाठीच फोडली होती.

माघ संपत आला होता. कुरुंद्यात हळद शिजवण्याचे दिवस. मोठमोठ्या कढयांमधून वाफ निघत होती आणि साऱ्या गावाला कच्च्या हळदीचा उग्र वास होता. हा वास कपड्यातून दोन धुण्यांनी जातो, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. घर चांगलं निघालं. दोन खण, समोर ओटा, मागे आड. मालकाने फिरून दाखवलं, भाव सांगितला, आणि मग विचारलं, "पाव्हणं, आडनाव काय म्हणले?"

मी सांगितलं. तो थोडा वेळ छताकडे पाहत राहिला.

"चुलत्याला इचारावं लागंल," तो म्हणाला. "त्याच्या शबुदाबाहेर आमी न्हाई."

स्टँडवर भजी खाताना मी ही गोष्ट हॉटेलवाल्याला सांगितली. त्याने झारा तसाच वर धरला.

"त्याचा चुलता? त्यो वारून दोन वर्सं झाली, बुवा. इचारायला लई लांब जावं लागंल त्याला."

मी हसलो. भजी चांगली होती. कुरुंद्याला गेलात तर गरम घाण्याचीच मागा.

तिथून डोंगरकड्याला बैलगाडी मिळाली. वाटेत गाडीवानाने हरभऱ्याचे डहाळे भाजून हुळा दिला. हात काळे होतात, पण भूक भागते. डोंगरकड्याला माझा मेहुणा भगवान राहतो, दुसऱ्याची शेती बटईने करतो. रात्रीचं जेवण त्याच्या घरी, ठेचा आणि भाकरी. जेवताना तो म्हणाला, "दाजी, एक तं आपल्या वस्तीत घर घ्या. आपल्या माणसात. न्हाई तं नुसतं नाव सांगा. आडनाव काहून सांगून राहिले?"

"विचारतात म्हणून."

"इचारतेत तं इचारू द्या! दर्जी म्हणा. दर्ज्याला कोण इचारते कोणचा हाय?"

त्याचं चुकत होतं असं नाही. वस्तीत घर मिळालं असतं. पण बाजार वस्तीत भरत नाही, आणि मला ओटा बाजारात हवा होता. आडनावाचं मात्र मनात राहिलं. सकाळी त्रिशरण पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी थोडा थांबलो. असत्य बोलणार नाही, असं रोज म्हणतो. न सांगणं हे असत्य आहे का, याचा विचार हिंगोलीपर्यंत करत होतो. हिंगोलीत गाडी बदलली तेव्हा तो सोडून दिला.

गोरेगाव आमच्या तेव्हाच्या परभणी जिल्ह्याच्या पार कडेला. पलीकडे विदर्भ लागतो, आणि ते तिथल्या बोलण्यातही लागतं. रस्ता खराब. मागच्या सीटवर बसू नका. गाव मात्र बाजाराचं. धान्याची, कापडाची दुकानं, लोहाराचा भाता, आणि दोन्ही बाजूंना सलग ओटे. घराची खबर कापड दुकानदारानेच दिली. "काशीबाईचं घर हाय. पण म्हातारी इकत न्हाई आन ठेवतही न्हाई. मी सोता मांगून थकलो."

काशीबाई शेतकऱ्याघरची, एकटी. मुलगा नामदेव शेतातल्या आखाड्यावर राहायला गेलेला. तिलाही तिकडेच जायचं होतं. घर मातीच्या माळवदाचं, एका कोपऱ्यात गळकं. ओटा मात्र मनासारखा होता. उत्तरेला तोंड, दिवसभर सावली, मशीन ठेवून दोन गिऱ्हाइकं बसतील एवढा. मी त्यावर नुसतं बसून पाहिलं आणि उठावंसं वाटेना.

आतल्या भिंतीत एक देवळी होती. तिच्यात शेंदूर लावलेला तांदळा, बिनकोरलेल्या दगडाचा देव, भिंतीतच बसवलेला.

"ह्यो माह्या सासऱ्याच्या घराण्याचा देव," काशीबाई म्हणाली. "हालवता येत न्हाई. नवरात्रात आठव्या माळेला मी येऊन दिवा लावीन. ह्ये कबूल असंल तंच बोल."

मला कुरुंद्याचं छत आठवलं. म्हटलं, व्हायचं ते आताच होऊन जाऊ दे. आडनाव सांगितलं. "मावशी, आम्ही बौद्ध. तुमच्या देवाला मी हात जोडणार नाही."

ती जवळ आली. "हात जोडणार न्हाईस?"

"नाही."

"नैवद्य?"

"नाही."

"उदबत्ती तरी लावशील?"

"नाही, मावशी."

"तुही बायको?"

"तीही नाही."

"मंग तुलाच देते," काशीबाई म्हणाली.

का, म्हणून मी विचारलं. तिने सांगितलं ते असं. या देवाचा दिवा त्या घराण्याच्या सुनेनेच लावायचा, बाहेरच्या हाताचा चालत नाही. आणि येणारा प्रत्येक जण तिला खूश करायला म्हणे, मावशी, आम्ही रोज पूजा करू. "त्यो कापडवाला तं म्हणे, पितळंचं मखर करतो! त्याच्या बायकोनं रोज नारळ फोडला तं माहा देव रुसंल न्हाई का?"

आखाड्यावरून आलेला नामदेव दारात उभा होता. "माय, बाजारातले लोक काय म्हणतीन?"

"लोक गळकं माळवद पाहून राहिले सालोसाल. एकानं मातीची पाटी टाकली का? म्हणू दे त्याईले."

तिने इसारासाठी हात पुढे केला. आता मीच अडलो. तरुणपणी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव मी स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. आणि आता देव असलेलं घर विकत घ्यायचं? "बायकोला विचारतो," मी म्हणालो.

"तुहाही चुलता हाय म्हण की," असं ती म्हणाली नाही, पण तशी नजर होती. "येत्या बाजारापर्यंत थांबते. मंग इलाज न्हाई, कापडवाल्याला देते."

परतीचा रस्ता तोच, म्हणून लिहीत नाही. घरी धुरपतानं सगळं ऐकलं, भाकरी उलटली.

"देव तिचा ना?"

"तिचा."

"आन भित आपली?"

"आपली होईल."

"मंग भाडेकरू समजा. वीस वर्सं आपुन दुसऱ्याच्या भितीत राह्यलो. त्यो राहीन आपल्या भितीत. भांडत तं न्हाई." मग म्हणाली, "वंदना बाहेरच्या खणात करू."

दीक्षेत मी पूजा न करण्याचं वचन दिलं होतं. म्हातारीला दारातून परत पाठवण्याचं दिलं नव्हतं. हे मला गोरेगावात, परतीच्या वाटेवर सुचलं नव्हतं, ते चुलीपुढे सुचलं. बाजाराच्या आधी जाऊन इसार दिला. पुढे खरेदीखत झालं. माळवदावर पांढरी माती मी आणि भगवानने टाकली.

नवरात्रात आठव्या माळेला काशीबाई आखाड्यावरून आली. मी ओट्यावर पैरण शिवत होतो. ती आत गेली, दिवा लावला, बराच वेळ बसली. जाताना देवळीवर बोट फिरवून पाहिलं. कोळ्याचं जाळं होतं.

"झाडलं बी न्हाईस का रे?"

"बाहेरचा हात चालत नाही म्हणाला होतात."

"बराबर," ती म्हणाली आणि समाधानाने निघाली.

दुसऱ्या दिवशी मी लोहाराकडून चार खिळे आणले आणि मशीनची फळी ओट्यात चुन्याने बसवून टाकली. आता ती उचलता येत नाही.