पणतवंड मांडीवर घ्यायची रीत

आमच्या भाऊकीत हल्ली कुणाची गूळतुला असली की म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर आधी पणतवंड देतात आणि मगच समोरच्या पारड्यात गूळ चढवतात. घरात पणतवंड नसेल तर शेजारचं मागून आणतात. रीत फार जुनी आहे असं सगळे सांगतात. ती दोन हजार तीन सालची आहे, आणि माझ्या आजीने, भागुबाईने, ती पारड्यात बसल्याबसल्या तयार केली.

घरात सगळे तिला बाईच म्हणायचे. माझे वडील सोमनाथ, म्हणजे आमचे दादा, तेसुद्धा. बाईचं निम्मं आयुष्य गावाकडे, सायखेड्यात चुलीपुढे गेलं. नवरा लवकर गेला, पदरात चार पोरं, वर कांदे काढायला आलेली माणसं. तिचा नियम एकच, करणारीने शेवटी जेवायचं. टोपलं रिकामं झालं तर ती स्वतःपुरती भाकरी थापायची, निखाऱ्याला टेकवून फुगवायची, कांदा बुक्कीने फोडायची आणि अशा चवीने जेवायची की आधी जेवून उठलेल्याला पुन्हा बसावंसं वाटे. मी बसायचोही.

माझी दहावी झाली आणि आम्ही शहरात, इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो, कारण दादांचं ताडपत्रीचं दुकान तिथेच, द्वारका चौकात होतं. फ्लॅटमध्ये चूल गेली, गॅस आला, आणि गॅस माझ्या आईचा. आई, उज्वला, नीटनेटकी. रोज संध्याकाळी कुणाला किती पोळ्या ते विचारायची, तेवढ्याच लाटायची आणि ओटा लख्ख पुसून टाकायची. आमच्या घरात अन्न वाया जात नाही, हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगायचो.

वाढायचं काम बाईचं. नियम मात्र सायखेड्याचाच राहिला. ती "घे की अजून एक" म्हणायची आणि आम्ही घ्यायचो. मी तेव्हा व्यायामशाळेत जात होतो. दंड होते तेवढेच राहिले, पोळ्या वाढल्या. मोजून केलेल्या पोळ्यांत जास्तीची पोळी येते कुठून, हे बी.कॉम. शिकणाऱ्या मला कधी सुचलं नाही. पुसलेल्या ओट्यावर परत पीठ सांडणं बाईला सुनेच्या घरात अवघड वाटायचं. ती ताकात भात कालवायची, भात नसला तर नुसतं ताक प्यायची. कुणी विचारलंच तर म्हातारपणी भूक मरते म्हणायची. आम्हीही ते शास्त्र असल्यासारखं मान्य करायचो.

दादांना दुसरीच काळजी होती. गावाकडे बोललं जायचं की सोमनाथने म्हातारीला उचलून फ्लॅटच्या डब्यात नेऊन ठेवलं. यात दादांचे चुलते सावळीराम पुढे. ते आहेत तोवर हे बोलणं थांबणार नाही अशी दादांची खात्री होती, आणि त्यांची तब्येत तर ठणठणीत. म्हणून बाईला अंदाजे ऐंशी लागल्यावर दादांनी गूळतुला ठरवली. अख्ख्या भाऊकीला बोलवायचं, बाईला सगळ्यांसमोर पारड्यात बसवायचं, म्हणजे लोकांना दिसेल की ती शहरात किती सुखात आहे. मोठा तराजू सावळीराम आजोबांच्याच कांद्याच्या खळ्यावरून आणला. गुळाच्या दहा-दहा किलोच्या सहा ढेपा आणल्या. कमी पडायला नकोत.

हॉल भरला. हिरव्या नऊवारीत बाई पारड्यात बसली. मी साखळी धरून उभा होतो. दादांनी पहिली ढेप ठेवली, दुसरी ठेवली. तिसरी नीट टेकलीसुद्धा नव्हती, तोच बाई अलगद वर आली. पाळणा वर यावा तशी.

मागे कुणीतरी हसलं आणि मग हसू तिथेच विरलं. उरलेल्या तीन ढेपा भिंतीशी हळदीकुंकू लावून बसल्या होत्या. दादा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. आईने पदर तोंडाला लावला. मला माझ्या ताटातली जास्तीची पोळी आठवली आणि मी साखळी सोडून दिली.

सावळीराम आजोबांनी घसा साफ केला. "सोमनाथ," ते म्हणाले, "वहिनी आणली का वहिनीचा फोटू?"

बाईने एकदा दादांकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"मीनाचं पोरगं दे इकडं," ती म्हणाली. "पणतू मांडीवर घेतल्याबिगर गूळ चढवत्यात व्हय? इसरले समदे."

"अशी कुठली रीत?" सावळीराम आजोबा म्हणाले.

"तुमचं लगीन व्हायच्या आधीची हाय, भाऊजी. तुम्हाला काय म्हाईत."

माझ्या बहिणीचं, मीनाताईचं पोरगं म्हणजे आणखी एक ढेपच होती. ते मांडीवर येताच पारडं खाली टेकलं. चौथी ढेप चढली, काटा मध्यावर आला, टाळ्या पडल्या. बाई पणतवाच्या डोक्याआडून हसत होती. दादांनी हात जोडले, पण मान वर केली नाही.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आईने न विचारता पोळ्यांची चळत लावली. दादा म्हणाले, "बाई, आज तू आधी बस." बाई म्हणाली, तुझं झाल्याशिवाय घास उतरत नाय, आता सवय मोडायची नाय. दादाही हटेनात. आम्हा सगळ्यांची जेवणं झाली तरी दोघं आपापल्या झाकलेल्या ताटापुढे बसून होती. शेवटी दादांनी झाकण काढलं, अर्धी पोळी तिच्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "मग माझ्याबरोबर तरी जेव." त्या दिवसापासून ते शेवटच्या पंगतीला तिच्याबरोबर बसू लागले. ती त्यांना वाढायची, ते तिला वाढायचे, आणि पाहणाऱ्याला भांडण चाललंय असं वाटायचं. तिच्या अंगावर मात्र फारसं काही चढलं नाही. पाच वर्षांनी ती गेली, तेव्हा तिला उचलताना दादांनी डोळे मिटून घेतले होते.

यंदा सावळीराम आजोबांची गूळतुला झाली. मांडीवर तान्ही पणती घेऊन ते दिमाखात बसले होते. फोटो काढणाऱ्या मुलाने ही कुठली पद्धत म्हणून विचारलं. आजोबांनी आधी दादांकडे पाहिलं, मग पणतीचं झबलं सारखं केलं.

"सोमनाथला विचार," ते म्हणाले. "त्याच्या आईनं सांगितलेली हाय."

दादा एरवी शहरी बोलतात. गुळाची ढेप उचलायला वाकले आणि वाकूनच म्हणाले, "हा. लय जुनी हाय."