माहेरच माझ्या घरी आलं

आठवडा झाला तरी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कंधारला मी ज्या शाळेत शिकवते तिला सुट्टी दिली होती. आम्ही नवरा-बायको भाड्याच्या दोन खोल्यांत फोन हातात धरून बसलो होतो. माझं माहेर मन्याड नदीच्या काठावर. सकाळीच आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला होता.

"पाणी पाराला लागलंय. म्हशीचं दावं सोडून दिलं. आम्ही साळंच्या माडीवर चाललो. तू घोर करू नको."

त्यानंतर फोन लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत ताडपत्रीखाली माय आणि आबा अंग चोरून बसले होते. मी धावत खाली गेले. माय थरथरत होती, तिला मिठीत घेऊनच वर आणलं. आबा मात्र दाराबाहेरच उभे.

"पायाला चिखल हाय. फरशी खराब व्हईल."

माझ्या नवऱ्यानं त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं.

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं मिळून माझ्याकडं कधी मुक्कामाला राहिले नव्हते. माय यायची ती एकटी, आणि म्हशीच्या धारेच्या वेळेला घरी पोचायचं म्हणून चहा अर्धा टाकून गाडीला पळायची. आता पळायला जागा नव्हती. घरात पाणी, रस्त्यावर पाणी, आणि म्हशीचा पत्ता नाही.

घरभर दोऱ्या बांधल्या, तरी कपडे वाळेनात. लाइट आली की नवरा मायच्या लुगड्यावर इस्त्री फिरवायचा. वाफ निघायची आणि खोलीभर ओल्या सुताचा वास पसरायचा. जावयानं आपलं लुगडं हातात घेतलं म्हणून मायला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती उठून हिसकावून घ्यायला बघायची, पण तिला पाय टेकवत नव्हता. चिखलात राहून राहून तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. कातडी पांढरीफटक पडून फाटली होती.

आबा दिवसभर खिडकीपाशी बसायचे. सोयाबीन काढायला आलं होतं, ते पाण्याखाली गेलं. आबा एकदाच म्हणाले, "म्हैस पोहती व्हय. पण गाभण हाय ना."

पाऊस जरा उघडला तशी मी मेडिकलवरून मलम आणलं, ते मायच्या उशाशी ठेवलं आणि दूध आणायला खाली गेले. परत आले तर दार अर्धवट उघडं होतं. माय पलंगावर बसलेली. आबा खाली फरशीवर, आणि तिचा पाय त्यांच्या मांडीवर. एकेका बोटाची बेचकी ते टॉवेलच्या टोकानं टिपत होते आणि मलम लावत होते. चारचौघांत मायशी दोन वाक्यं नीट न बोललेला हा माणूस.

"सोडा, आव! पोरगी येईल," माय दबक्या आवाजात म्हणाली.

"येऊ दे की."

"काय म्हणंल ती?"

"काय म्हणायचं? तुला पाय हायेत हे काय तिला ठावं न्हाई का?"

माय हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग आबाच म्हणाले, "लई दुखून राहिलं का गं?"

"आता न्हाई दुखत."

दुधाची पिशवी घेऊन मी तशीच मागं फिरले आणि घरमालकिणीकडं जाऊन बसले. तिनं विचारलं, "काय झालं, डोळ्यांत पाणी का?" थोड्या वेळानं मुद्दाम चपला वाजवत वर गेले. वाटलं होतं, आबा उठून खिडकीशी गेलेले असतील. ते तिथंच होते. दुसरा पाय मांडीवर घेत मला म्हणाले, "हिला चहा टाक. आलं घाल जरा."

पाणी ओसरल्यावर आम्ही सगळेच गावी गेलो. घराची मागची भिंत बसली होती, आत गुडघाभर गाळ. पण म्हैस होती! वरच्या आळीतल्या कुणीतरी तिला माळावरून आणून देवळापाशी बांधलं होतं. खंगलेली, पण उभी. आबा तिच्या मानेला डोकं टेकून बराच वेळ तसेच राहिले. मायनं आम्हाला तिकडं बघू दिलं नाही, खोरी हातात दिली.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओसरीवर आबांनी स्टोव्ह पेटवला. गाळात पाय घालायचा नाही, अशी मायला त्यांची ताकीद होती; ती बाजेवर बसून हुकूम सोडत होती. मीठ किती, पाणी किती, बेसन कधी. आबा निमूट ऐकत होते. पिठलं खारट झालं. माय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तोंडात घालवंना," आणि पुन्हा ताट पुढं केलं.