वहिनींनी झडती दिली नाही

वहिनींच्या संतापाला आवाज नसतो. त्या संतापल्या की हातातला पाना खाली ठेवतात, कापड घेतात आणि एकेक बोट वेगवेगळं पुसतात. त्या दिवशी दहाही बोटं पुसून झाली आणि त्यांनी पहिलं बोट पुन्हा हातात घेतलं. गॅरेजमध्ये तीन पुरुष उभे होते, पण त्याचा अर्थ एकालाही कळला नाही. त्यातले एक तर त्यांचे स्वतःचे यजमान होते.

यजमानांना सगळी गल्ली उस्ताद म्हणते. गॅरेज त्यांचं, बाहेरची पाटी त्यांची. वहिनी मात्र सगळ्यांच्या वहिनी. लग्न होऊन आल्या तेव्हा गॅरेजमधल्या दोघा कारागिरांनी तशी हाक मारली, आणि ती कायमची चिकटली. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला समोरचा टायरवालाही त्यांना वहिनीच म्हणतो.

उस्ताद इंजिनात हुशार, त्याबद्दल वाद नाही. पण डिफरन्शिअल समोर आलं की त्यांचं डोकं फिरायचं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो ना, तो डिफरन्शिअल. त्यातल्या दात्यांमध्ये फट किती ठेवायची हे कागदाहून पातळ चकत्या घालून ठरवावं लागतं. चकती घाला, बसवा, मोजा, चुकलं की सगळं पुन्हा खोला. चौथ्यांदा खोलायची वेळ आली की उस्ताद हातोडी फेकायचे. बावीस वर्षांपूर्वी अशीच फेकलेली हातोडी जेवणाच्या डब्यावर पडली. डबा घेऊन वहिनी नुकत्याच आत आल्या होत्या. त्यांनी चेपलेला डबा बाजूला ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "द्या इकडे. तुम्ही जेवून घ्या."

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते अकरा वेळा खोललं. बाराव्या वेळी दाते असे बसले की गाडी गेली तरी आवाज नाही. त्या दिवसापासून गॅरेजमधली सगळी डिफरन्शिअल वहिनींच्या वाट्याला आली आणि त्या कामांचं सगळं नाव उस्तादांच्या वाट्याला गेलं. "उस्तादांचा हात लागला की आवाज गेलाच म्हणून समजा," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि उस्ताद मान डोलवायचे. काम संपलं की झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार पंचाने तीन ठिपके ठोकायचे, ही उस्तादांची जुनी खूण. वहिनींनी बावीस वर्षं तेच तीन ठिपके ठोकले. "हे हिचं काम आहे" एवढे चार शब्द त्या माणसाच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. मनाने वाईट म्हणावा तर तेही नाही. वाईट असता तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. याला ते सुचलंच नव्हतं, आणि न सुचणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

तर ही गाडी होती दातांच्या डॉक्टरांची. चार दारांची, दिसायला सभ्य, पण पोटात दांडगं इंजिन. जोर सगळा मागच्या चाकांवर. पंधरा वर्षांची जुनी गाडी, पण डॉक्टरांचा जीव तिच्यात. सुट्टीच्या दिवशी ते ती घाटात पळवायचे, आणि वळणावर जोर दिला की आतलं चाक जागच्या जागी गरगर फिरून रबर जाळायचं. साध्या डिफरन्शिअलचा हा बावळटपणाच आहे. जे चाक घसरतं, त्याच्याच पायाशी ते सगळा जोर ओततं आणि ज्या चाकाखाली पक्का रस्ता आहे त्याला उपाशी ठेवतं. याच्यावर इलाज म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल. ते घसरणाऱ्या चाकाचे लाड करत नाही, जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतं. डॉक्टरांनी तो भाग परदेशातून मागवला, लहान मुलाला आणावं तसा कापडात गुंडाळून गॅरेजमध्ये आणला आणि विचारलं, "उस्ताद आहेत का?"

बसवला वहिनींनीच. दोन दिवस लागले. दात्यांना पिवळा रंग लावून, फिरवून, रंग कुठे पुसला जातो ते बघत बसल्या होत्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आम्हीही असंच करतो. निळा कागद चावायला देतो आणि डाग बघतो." वहिनींना ते फार आवडलं. आपलं काम कळणारा माणूस किती दिवसांनी भेटला, असं त्यांना वाटलं. गाडी देताना त्यांनी बजावून सांगितलं, "डॉक्टर, यात दोन जाती असतात. एकीत चकत्या असतात, दुसरीत नुसते गिअर. तुमची गिअरवाली. गाडी उचलून हाताने चाक फिरवून हिची परीक्षा करू नका, फसाल. आणि हजार किलोमीटर झाले की तेल बदलायला या." डॉक्टर हो हो म्हणाले. माणसं हो हो म्हणतात तेव्हा काय ऐकत असतात कोण जाणे.

हजार किलोमीटर झाले आणि डॉक्टर आले ते एका मित्राला घेऊन. डॉक्टरांच्याच मॉडेलची दुसरी गाडी या मित्राकडे होती, आणि गाडीशौकिनांच्या एका ग्रुपवर तो रोज सकाळ-संध्याकाळ ज्ञान वाटायचा. त्याला आपण सर्वज्ञ म्हणू. काम वहिनींनी केलंय हे त्याला डॉक्टरांकडून कळलं होतं. आयुष्यात त्याने स्वतःच्या हाताने चाकाचा बोल्टसुद्धा सोडवला नसेल, पण असा एक विषय नव्हता ज्यावर त्याला मत नव्हतं.

तेल बदलण्यासाठी उस्तादांनी गाडी मागून उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. वहिनी तेलाचा डबा आणायला आत गेल्या. तेवढ्यात सर्वज्ञाने खाली बसून उजवं चाक हाताने पुढे फिरवलं. डावं चाक उलटं, मागे फिरलं.

"डॉक्टर," तो उठून म्हणाला, "फसवलंय तुम्हाला. लिमिटेड स्लिप असती तर दोन्ही चाकं एकाच बाजूला फिरली असती. आत जुनंच आहे. तुमचा नवा भाग यांनी परस्पर विकला."

आणि कुणाला एक शब्दही न विचारता त्याने पुन्हा चाक फिरवलं, मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि ग्रुपवर टाकलं. गॅरेजच्या पाटीसकट! वर लिहिलं, 'इथे जाऊ नका.' तेलाचा डबा घेऊन वहिनी दारात आल्या तेव्हा त्यांच्या कानावर शेवटचं वाक्य पडलं, "बाईच्या हातात काम सोडलं की आणखी काय होणार?"

बघा हं. बावीस वर्षं काम चांगलं होत होतं तेव्हा हात उस्तादांचा होता. चोरीचा आळ आला तसा एका मिनिटात तो बाईचा झाला.

वहिनींनी डबा खाली ठेवला आणि बोटं पुसायला सुरुवात केली. डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. "वहिनी, माझं तसं म्हणणं नाही," ते पुटपुटले, "पण... एकदा बघून घेतलेलं बरं, नाही का?"

उस्ताद वहिनींना पाण्याच्या पिंपाजवळ घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, बसवलंस ना ते?"

वहिनींना आधी वाटलं की ऐकण्यात चूक झाली. चूक झाली नव्हती. सर्वज्ञाचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. तो रस्त्यावरचा माणूस, त्याच्या तोंडाला कोण लागतं? पण या माणसाच्या फेकलेल्या हातोड्या त्यांनी उचलल्या होत्या. याची पाठ धरली तेव्हा आठ महिने एकटीने गॅरेज ओढलं होतं. आणि हा विचारतोय, बसवलंस ना? तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही विचारताय?" त्या एवढंच म्हणाल्या.

"तसं नाही गं. मी काय म्हणतो, तेल तर काढायचंच आहे. झाकण उघड, दाखवून टाक, विषय संपला. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचंच काम होतं, हे खरं. बोल्ट सोडवले असते तर आतला चकचकीत नवा भाग आंधळ्यालाही दिसला असता. पण वहिनींच्या डोळ्यांपुढे दुसरंच चित्र उभं राहिलं. भर बाजारात एखाद्या बाईला अडवून पिशवी उलटी करायला लावतात, सगळे वाकून बघतात, काही सापडत नाही, आणि मग म्हणतात, जा आता. ती बाई चोर नव्हती हे सिद्ध होतं, पण तिची पिशवी उलटी झाली ती झालीच.

त्या परत गाडीपाशी आल्या. "झाकण उघडणार नाही," त्या म्हणाल्या. "झडती चोराची घेतात. मी चोर नाही. गाडी खाली घ्या."

"बघा! कुठेतरी पाणी मुरतंय," सर्वज्ञ म्हणाला.

"तुमची गाडी कुठाय?"

"माझी? बाहेर."

"कंपनीतून आली तशीच आहे ना? आत काही बदललेलं नाही ना? आणा मग."

गॅरेजच्या दारात रस्त्यावरून वर चढणारा उतार आहे. वहिनींनी त्याच्या पायथ्याशी उजव्या बाजूला एक पत्रा टाकला, दगडाने ठोकून पक्का केला आणि त्यावर ओंजळभर ग्रीस फासलं. तोवर टायरवाला आणि शेजारचा रंगारी हातातली कामं टाकून बघायला आले होते. वहिनींनी त्यांना हाकललं नाही. उलट म्हणाल्या, "थांबा, जाऊ नका. आळ चौघांत घेतलाय."

सर्वज्ञाची गाडी आधी. उजवं मागचं चाक पत्र्यावर, डावं कोरड्या रस्त्यावर. त्याने पहिला गिअर टाकून जोर दिला. उजवं चाक ग्रीसवर गरगर फिरलं, गाडी जागची हलली नाही. "आता हँडब्रेक दोन खाचा ओढा, नि पुन्हा जोर द्या," वहिनी म्हणाल्या. चाक जरा मंद फिरलं, एवढंच. गाडी तिथेच.

मग डॉक्टरांची. पत्र्यावर नवं ग्रीस. डॉक्टरांनी जोर दिला. उजवं चाक तसंच गरगर फिरलं. गाडी तिथेच.

सर्वज्ञ हसला. उस्तादांनी कपाळाला हात लावला, आणि तो हात वहिनींनी पाहिला.

"डॉक्टर, हँडब्रेक. दोन खाचा," वहिनी म्हणाल्या. आवाज अजिबात बदलला नाही.

डॉक्टरांनी ओढला. उजवं चाक क्षणभर अडखळलं, डाव्याने रस्ता धरला, आणि गाडी उतार चढून सरळ गॅरेजमध्ये आली. टायरांच्या चळतीपासून हातभर अंतरावर डॉक्टरांनी ब्रेक दाबला. ते खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा शाळकरी मुलासारखा झाला होता.

"हवेत उचललं की चाकाला काही विरोधच नसतो," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा ही जात साध्यासारखीच वागते. जरा अडवलं, की जोर पलीकडे देते. हे मी गाडी देताना सांगितलं होतं. आठवतंय का, डॉक्टर?"

डॉक्टरांची दातखीळ बसली होती. रंगारी फिदीफिदी हसला.

"गैरसमज झाला," सर्वज्ञ म्हणाला.

"झाला नाही. तुम्ही केलात, आणि जगाला दाखवलात. आता हेही दाखवा."

"टाकतो ना, घरी गेलो की."

वहिनींनी पुढे होऊन डॉक्टरांच्या गाडीची किल्ली काढून मुठीत घेतली. "आमच्या पाटीचं चित्र काढताना घरी जायला लागलं नव्हतं. डॉक्टर, यांनी टाकल्याशिवाय तेल बदलायला घेणार नाही."

सगळं पुन्हा करावं लागलं, दोन्ही गाड्यांचं. ग्रीस पुन्हा, पत्रा पुन्हा. सर्वज्ञाने चित्रण केलं, सगळ्यांसमोर टाकलं, आणि आधीच्या लिखाणाबद्दल माफी लिहिली. टायरवाल्याने ती चष्मा लावून मोठ्याने वाचली आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

आता खरं तर संपायला हवं होतं. पण निघताना सर्वज्ञाने वळून उस्तादांपुढे हात केला. "मानलं हं, उस्ताद! काय हात आहे तुमचा!" आणि उस्तादांनी बावीस वर्षांच्या सवयीने मान डोलवून तो हात हातात घेतला.

"त्यांनी या गाडीला हात लावलेला नाही," वहिनी म्हणाल्या. इतक्या मोठ्याने की रंगाऱ्याचं हसणं थांबलं. "ही नाही, आणि गेल्या बावीस वर्षांतली एकही नाही. सगळी मी केली. विचारा त्यांना."

कुणीच विचारलं नाही. उस्तादांनी सर्वज्ञाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग सर्वज्ञाकडे न बघता म्हणाले, "खरं आहे. हिचंच काम आहे." सर्वज्ञ गाडीत बसून निघून गेला.

वहिनींनी डॉक्टरांची गाडी घोड्यांवर घेतली, तेल काढलं आणि झाकण सोडवलं. मग उस्तादांना हाक मारली.

"अहो, इकडे या. त्यांना दाखवलं नाही, तुम्हाला दाखवते. तुम्हालाही बघायचं होतं ना?"

"नको. राहू दे."

"नाही. बघाच."

पाठ दुखत असूनही उस्ताद गुडघे टेकून खाली वाकले. आत नवा भाग चकाकत होता. वहिनींच्या हातातल्या झाकणाच्या आतल्या बाजूला तीन ठिपके होते. उस्तादांनी बोट लावून पाहिलं.

"हे तर माझे," ते म्हणाले.

"तुमचेच. कधीच चुकवले नाहीत मी."

उस्ताद हाताचा टेका घेऊन उठले. वहिनींनी झाकण शिकंज्यात धरलं, कानस घेतली आणि तिन्ही ठिपके घासून काढले. मग छिन्नी लावून त्या जागी एकच आडवी रेघ ठोकली. उस्ताद ते बघत होते. वहिनी झाकण घेऊन पुन्हा गाडीखाली गेल्या तेव्हा ते हातात दिवा घेऊन त्यांच्या शेजारी आले.

"जरा खाली धरा," वहिनी म्हणाल्या. "आणि नीट धरा. माझं काम मला दिसू दे."